छोटा पट्टा

रास्ता पेठेत, दवाखान्याच्या दुसऱ्या मजल्यावर
किमया खुर्चीत बसलीय. नऊ वर्षांची.
पाय जमिनीला टेकत नाहीत.
टेकायला हवेत, नाहीतर आकडा चुकतो, असं म्हणत
सिस्टर कुठूनतरी लाकडी पाट आणतात
आणि तिच्या चपलांखाली सरकवतात.

मोठा पट्टा तिच्या दंडाला दोन वेढे घेतो.
मग खणातून छोटा निघतो, निळा,
त्यावर कुणीतरी ससा चिकटवलेला,
एक कान गेलेला.

बोलायचं नाही हं.
ती बोलत नाही. डोळ्यांनी मला विचारते, दुखतं?
मी मान हलवते. नाही,
फक्त आवळतं.

मला ठाऊक आहे किती आवळतं.
आठव्या महिन्यात माझी जोडवी पकडीनं तोडून काढली.
मी ह्यांच्या स्लीपर घालून कामाला जायचे,
गुलटेकडीला, फरसाणाच्या कारखान्यात, वजनावर.
शेव, पापडी, खारे दाणे, दिवसभर बोटांना मीठ.
सासूबाई म्हणाल्या, सूज येतेच.
डोकं ठणकायचं तर म्हणाल्या, ऊन आहे.
मग एका दुपारी काट्यावरचे आकडे
दोन-दोन दिसू लागले,
आणि काजवे. भर उन्हात काजवे.

एकशे सत्तर, एकशे दहा.
लग्नाची तारीख चुकते माझी कधीकधी,
हे चुकत नाही.

सुईतून काहीतरी सोडलं, अंगाची भट्टी झाली,
रात्री दीडला तिला काढलं.
सोळाशे ग्रॅम.
मला हातानं वजन कळतं, धंदाच तो.
तरी तिला पहिल्यांदा घेतलं तेव्हा
काही म्हणजे काही कळलं नाही.

पुढे सूज उतरली. सगळे म्हणाले, सुटलीस.
मीही तेच धरून चालले.

आता डॉक्टर तांबोळीबाई
कागदाच्या पाठीवर पेनानं हृदय काढतात,
बटाट्यासारखं.
वारेतून रक्त कमी येत असेल ना, तर पोटातलं बाळ
तेवढ्यावर भागवायला शिकतं.
हृदय जरा जास्त जोर लावतं.
काही मुलांत तो जोर मागे राहतो. सगळ्यांत नाही.
म्हणून वर्षातून एकदा मोजायचं, बस.

माझी हनुवटी हिला आलीय, माझी घोगरी हाक आलीय.
ते लोक बघतात आणि म्हणतात, आईवर गेलीय.
हे कुणाला दिसलं नसतं.

पट्टा सुटतो. सुस्कारा त्याचा, की माझा.
एकशे दहा, बहात्तर.
वयाच्या मानानं जरा वरच्या अंगाला, बाई म्हणतात,
वेफर कमी, पळू दे भरपूर, घाबरू नका.
मी घाबरत नाही. मी फक्त बघते
की माझा तेव्हाचा खालचा आकडा
हिचा आजचा वरचा आहे.

"आता आईचं," किमया म्हणते.
सिस्टर हसतात, आईचा केसपेपर नाही गं.
बाईंचं पेन थांबतं.
"बरोबर बोलतेय ती. तुमचं शेवटचं कधी मोजलं?"

मी आठवते. हिच्या वयाएवढं आठवावं लागतं.

पाट बाजूला होतो. माझे पाय टेकतात.
मोठा पट्टा एकाच वेढ्यात बसतो.
बोलायचं नाही हं, किमया सांगते, सिस्टरांच्याच आवाजात,
आणि माझ्या दुसऱ्या हाताचं बोट धरून ठेवते,
घट्ट. तेही आवळतं.

एकशे चोपन्न.
बाई काही बोलत नाहीत, नवा केसपेपर ओढतात.

खाली फाटकापाशी दाणेवाला.
दरवर्षी घेतो आम्ही, दहाची पुडी.
"बिनमिठाचे आहेत का?" किमया विचारते.
बिनपाण्याची नदी मागावी
तसा तो आमच्याकडे बघतो.
तीही मिळते म्हणा या गावात, मे महिन्यात.
मग तो पोत्यात हात घालतो, तळाशी,
आणि चाचपडत राहतो.